मित्राला कच्चा लिंबू करू नकोस

ताई,
मी 27 वर्षांची, पुण्यात नोकरी करते. कॉलेजपासूनचा आमचा पाच जणांचा ग्रुप दर रविवारी कुणाच्या तरी घरी बोर्ड गेम खेळायला जमतो. त्यातल्या एका मित्राने दीड वर्ष खपून स्वतःचा खेळ बनवला आहे. सगळे खेळाडू कांदा उत्पादक. उन्हाळ कांदा काढल्यावर लगेच विकायचा की कांदा साठवायच्या चाळीत ठेवायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. बाजाराच्या दिवशी कुणी किती माल आणला ते सगळ्यांनी एकदम उघड करायचं. आवक वाढली की भाव कोसळतो. मधेच निर्यातबंदीचं पान निघालं, तर चाळीत माल ठेवणारा बुडतो.
आम्ही तीन वेळा खेळलो. सुरुवात छान होते. पण आठ फेऱ्यांना तीन तास लागतात, आणि तिसऱ्या फेरीनंतर कोण जिंकणार ते दिसतंच. बाकीचे नुसते बसून असतात. निर्यातबंदीच्या पानाने तर माझं डोकंच फिरलं होतं. तरीही डाव संपल्यावर सगळे म्हणाले, ‘भारी झालाय!’ मीही म्हणाले. आता दोन आठवड्यांत तो 500 प्रती छापायला देणार आहे, साठवलेल्या पैशांतून. त्याच्या काकांची निफाडकडे कांद्याची शेती आहे, विषय त्याच्या अगदी जिवाचा आहे. खरं बोलले तर मैत्री जाईल, नाही बोलले तर मला झोप लागत नाही. आणि खेळ बनवण्यातलं मला काय कळतं? मी कोण सांगणारी? हाच प्रश्न मला छोट्या स्टुडिओंच्या व्हिडिओ गेमला रिव्ह्यू लिहितानाही पडतो.
– एक खेळाडू, पुणे

प्रिय मैत्रिणी,

लहानपणी पकडापकडी खेळताना कुणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागायचा. त्याला नाही म्हणवत नसे आणि खरंखुरं खेळवताही येत नसे. मग कुणीतरी मोठ्याने सांगायचं, ‘हा कच्चा लिंबू हं!’ तो आपला धावधाव धावायचा, पण त्याला कुणी आउट करायचं नाही आणि त्याच्यावर राज्यही यायचं नाही. चार दिवसांनी त्याला ते कळायचं. तेव्हाचा त्याचा चेहरा मला आजही आठवतो.

तीन डाव झाल्यावर तुम्ही चौघांनी ‘भारी झालाय’ म्हणून मित्राचं हेच करून ठेवलं आहे. हेतू प्रेमाचाच होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण दीड वर्ष खपलेल्या माणसाला तुम्ही खेळात धरलेलंच नाही. तू त्याच्याशी बोलावंस असं मला ठामपणे वाटतं, आणि ते याच आठवड्यात.

‘मला काय कळतं’ हा तुझा प्रश्न आधी घेते, कारण तुझी खरी अडचण तीच आहे. आपण खेळावर मत द्यायचं म्हणजे परीक्षकाच्या खुर्चीत बसायचं, असं तू धरून चालली आहेस. त्या खुर्चीत बसायला अभ्यास हवा, हे खरं. पण तुझ्या मित्राला तुझ्याकडून निकाल नको आहे, त्याला साक्ष हवी आहे. त्या टेबलाशी बसून तुला काय काय झालं, ते सांगायला तुझ्याइतकं अधिकाराचं माणूस दुसरं कुणी नाही. तो स्वतःसुद्धा नाही. आपला खेळ पहिल्यांदा खेळणं त्याला आता या जन्मात शक्य नाही.

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचे मुख्य रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी 2016 साली एका भाषणात वीस वर्षांचे धडे सांगितले होते. त्यात एक धडा असा होता की, खेळणाऱ्यांना दुखतंय कुठे ते अचूक कळतं, पण त्यावरचं औषध त्यांना फारसं सापडत नाही. मला हे पुरतं पटतं, कारण मी याच्या अगदी उलट वागून एक खेळ बुडवला आहे. काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने पत्त्यांचा खेळ बनवला होता. पहिल्या डावानंतर मी तिला अकरा सूचना दिल्या. फासे घाल, पत्ते कमी कर, गुण असे मोज, शेवटी अशी फेरी ठेव. ती भिडस्त. तिने सगळ्या करून बघितल्या. दोन महिन्यांनी जो खेळ समोर आला तो ना तिचा होता ना माझा, आणि मग त्याची पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. तिच्या त्या पहिल्या डावाला आणखी एक जण होता. तो एवढंच म्हणाला होता, ‘माझ्या हातात सात पत्ते होते आणि त्यातला एकही खेळावासा वाटला नाही.’ त्याच्याकडे आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. त्या खेळाचं सगळं दुखणं त्या एका वाक्यात होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा तुझ्या पत्रातली ‘तीन तास लागतात’ आणि ‘कोण जिंकणार ते दिसतंच’ ही वाक्यं आणखी बारकाईने लिहून काढ. आठवून बघ: तू फोन हातात कधी घेतलास? कोणत्या फेरीत? तुझी पाळी आल्यावर कुणाला हाक मारावी लागली का? पुढे कोण होतं आणि कितीने? त्याला गाठायची एखादी तरी वाट तुला दिसत होती, की बघायचंच सोडून दिलं होतंस? ‘खेळ लांबतो’ असं म्हटलंस तर त्याला फक्त वाईट वाटेल. ‘चौथ्या फेरीला माझ्याकडे तुझ्या निम्मे पैसे होते, आणि पुढच्या चार फेऱ्यांत मी काहीही केलं तरी तुला गाठता येईल असं मला वाटत नव्हतं, म्हणून मी फोन घेतला’ असं म्हटलंस तर त्याच्या हाताला काहीतरी लागेल. मग फेऱ्या आठाच्या पाच करायच्या, की पुढे असलेल्याच्या कांद्याला चाळीत जास्त कोंब फुटू द्यायचे, की आणखी तिसरंच काही, ते तो बघेल. ते त्याचं काम आहे, आणि ते त्याला आवडतंही.

एकाच आकड्याने खेळ किती बदलतो बघ. स्क्रॅबल हा इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ बनवणारे आल्फ्रेड बट्स पेशाने वास्तुविशारद होते. वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून त्यांनी कोणत्या अक्षराच्या किती सोंगट्या ठेवायच्या ते ठरवलं. पण इंग्रजीतलं एस हे अक्षर त्यांनी जाणूनबुजून कमी ठेवलं, फक्त चार. नाहीतर जो तो समोरच्याच्या शब्दाला एस जोडून अनेकवचन करत सुटला असता. पट तोच, नियमही तेच, फक्त एका अक्षराच्या सोंगट्या कमी. तुझ्या मित्राच्या खेळातही असे चार-पाच आकडे असणार. चाळीत दर फेरीला किती माल सडतो, निर्यातबंदीची पानं किती, पहिल्या फेरीत हातात पैसे किती. नेमका कोणता आकडा हलवायचा ते त्याला तुमच्या साक्षीवरून कळेल.

आता निर्यातबंदीच्या पानाकडे येते. इथे मात्र तू घाई करू नकोस. पान निघालं आणि तुझं डोकं फिरलं, असं तू लिहितेस. मी विचारते, फिरायला नको होतं का?

सप्टेंबर 2020 मध्ये कांद्याची निर्यात खरोखर बंद झाली, तेव्हा नाशिक जिल्ह्यात काय झालं ते तुझ्या मित्राने काकांच्या घरी पाहिलं असेल. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला माल चाळीत ठेवायचा, सड झेलायची, घटत जाणारं वजन झेलायचं, भावाची वाट बघायची, आणि एका सकाळी दूर कुठेतरी घेतलेल्या निर्णयाने सगळा हिशेब पुसला जायचा. तुला जो राग आला तोच त्याला टेबलावर आणायचा असेल, तर ते पान हा खेळाचा दोष नाही. तेच खेळाचं काळीज असेल.

याला मोठी परंपरा आहे. आपण लहानपणी ‘व्यापार’ खेळायचो. त्याचं मूळ मोनोपॉली, आणि मोनोपॉलीचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंचा ‘द लँडलॉर्ड्स गेम’. त्याचं पेटंट त्यांना 1904 साली मिळालं. जमिनीच्या भाड्याने जमीनदार कसे गब्बर होतात आणि बाकीचे कसे धुतले जातात, हे लोकांना अंगावर घेऊन कळावं म्हणून त्यांनी तो बनवला होता. हरणाऱ्याला अन्याय झाल्यासारखं वाटणं हाच त्यातला धडा होता. पुढे त्यांनी दुसऱ्या तऱ्हेचे नियमही दिले, त्यात संपत्ती वाढली की सगळ्यांचाच फायदा व्हायचा. 1935 साली पार्कर ब्रदर्सने 500 डॉलरला त्यांचं पेटंट विकत घेतलं, आणि जगभर पोचला तो नुसता दुसऱ्याला कंगाल करण्याचा खेळ. मॅगीबाईंना कुणी येऊन म्हटलं असतं, ‘हरताना फार वाईट वाटतं, तेवढं काढून टाका’, तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं?

म्हणून त्या पानाबद्दल बोलण्याआधी मित्राला विचार, ‘इथे आम्हाला काय वाटावं असं तुझ्या मनात होतं?’ त्याचं उत्तर येईपर्यंत थांब. तो म्हणाला, ‘हाच राग’, तर त्याला सांग की आला, पुरेपूर आला. तो म्हणाला, ‘मला फक्त थोडी गंमत आणायची होती’, तर त्याला सांग की आम्हाला गंमत वाटली नाही, चाळीस मिनिटांचं नियोजन वाया गेल्यासारखं वाटलं. पान एकच आणि तुझा अनुभवही एकच, पण त्याचा अर्थ त्याच्या हेतूवर ठरतो.

यातली एक गोष्ट मात्र त्याचा हेतू काहीही असला तरी सांगायलाच हवी. राग आणि कंटाळा यांत फरक आहे. चिडलेला माणूस टेबलाशी असतो, भांडतो, पुढच्या फेरीत उट्टं काढायचं म्हणतो. कंटाळलेला माणूस केव्हाच उठून गेलेला असतो, शरीर तेवढं खुर्चीत. शेतकऱ्याला बाजारातून उठून जाता येत नाही, खेळणाऱ्याला येतं. निर्यातबंदीने चिडल्यावर तुला पुढे करण्यासारखं काहीतरी उरलं होतं का? उरलं नसेल, तर त्या रागाचा पुढच्या फेरीत कंटाळा झाला, आणि त्याने इतक्या मनापासून टेबलावर आणलेली गोष्ट तिथेच निसटली. तुझ्या पत्रातली ही सर्वांत मोलाची साक्ष आहे असं मला वाटतं, आणि ती तू एका वाक्यात उरकली आहेस!

चांगलं काय ते सांगायला विसरू नकोस. गोड बोलून कडू औषध पाजायचं म्हणून मी हे म्हणत नाही. काय राखायचं हे त्याला कळलं नाही, तर फेऱ्या कमी करताना तो नेमकी चांगली गोष्टच कापून टाकेल. सगळ्यांनी आपापला माल एकदम उघड करायचा, हा क्षण मला तुझ्या पत्रात वाचतानाही आवडला. खरोखर तसंच तर होतं. प्रत्येकाला वाटतं आज दुसरे माल आणणार नाहीत, आणि सगळ्यांचेच ट्रॅक्टर एकाच दिवशी बाजार समितीच्या आवारात उभे राहतात. तिथे तुम्ही ओरडलात का? हसलात का? कुणी कुणाच्या तोंडाकडे बघून त्याचा माल ओळखायचा प्रयत्न केला का? हे सगळं सांग. नुसत्या ‘मस्त’ शब्दाने यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

कसं बोलायचं? ग्रुपमध्ये डाव संपल्या संपल्या नको. पहिला जो बोलतो त्याच्यामागे बाकीचे जातात, तुमच्याकडे तेच झालं. त्याला एकटीने भेट, चहाला. सुरुवात अशी कर: ‘परवा मी भारी म्हणाले, पण पूर्ण खरं बोलले नाही. तू छापायला देण्याआधी मला ते सांगायचंय.’ ही कबुली आधी दे, म्हणजे आजवरचं ‘भारी’ त्याला ढोंग वाटणार नाही. मग त्याला विचार, ‘तुला कशाबद्दल ऐकायचंय?’ त्याच्या मनात त्याचे स्वतःचे संशय असतात. बनवणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत असतं, फक्त कुणीतरी मोठ्याने म्हणायची तो वाट बघत असतो.

त्याला लागेल, हे धरून चाल. तो म्हणेल, ‘तुम्ही नियम नीट समजूनच घेतला नाहीत.’ वाद घालू नकोस. म्हण, ‘असेल, पुस्तिकेत कुठे आहे ते दाखव.’ त्याने दाखवलं आणि तुम्हाला ते दिसलं नव्हतं, तर वाक्य हलवायला हवं. त्याला दाखवता आलं नाही, तर नियम अजून त्याच्या डोक्यातच आहे. त्या 500 पेट्या ज्या घरांत जातील तिथे समजावून सांगायला तो नसेल. तुमच्या तिन्ही डावांना तो टेबलाशी बसून नियम सांगत होता ना? मग त्याच्या पुस्तिकेची परीक्षा अजून झालेलीच नाही. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही अशा चौघांपुढे पेटी ठेवायची, आणि त्याने कोपऱ्यात बसून तोंडातून अवाक्षर न काढता बघायचं. त्याला हे फार जड जाईल. त्याच्या शेजारी तू बस. डाव संपला की लगेच गप्पा नकोत. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि दोन मिनिटं गुपचूप लिहायला लावा, कुठे मजा आली, कुठे लक्ष उडालं, कोणता नियम दोनदा वाचावा लागला. बोलणं त्यानंतर.

आणखी एक काम तू स्वतः करू शकतेस. एक डाव मुद्दाम वेड्यासारखी खेळ. पहिल्याच बाजारात सगळा माल विकून टाक, किंवा शेवटपर्यंत चाळीतल्या मालाला हातच लावू नकोस. अशा खेळीने सहज जिंकलीस, तर खेळाला भोक आहे, आणि ते आत्ता सापडलेलं बरं.

छपाईबद्दल मात्र मी साक्षीवर थांबणार नाही, माझं मत सांगते. व्हिडिओ गेम बाजारात आल्यावरही दुरुस्त करता येतो. पुठ्ठ्याचा खेळ एकदा छापला की छापला. चुकीच्या आकड्याची पानं 500 पेट्यांत गेली की प्रत्येक पेटीत चिठ्ठी घालत बसावं लागतं, नाहीतर पेट्या पलंगाखाली जातात. दोन आठवड्यांची मुदत छापखान्याने घातलेली नाही, त्याने स्वतःच घातली आहे, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. त्याला एकदा स्पष्ट म्हण, ‘अनोळखी माणसांबरोबर चार डाव होईपर्यंत थांब.’ एकदाच म्हण. पैसे त्याचे आहेत, दीड वर्ष त्याचं आहे. त्यानंतर त्याने छापायचंच ठरवलं, तर पुस्तिकेतलं शुद्धलेखन तपासून द्यायला तू बस.

छोट्या स्टुडिओंच्या व्हिडिओ गेमबद्दल थोडक्यात सांगते. तिथेही हीच साक्ष, फक्त जागा वेगळी. गेम मधेच बंद पडतो, अमुक ठिकाणी जतन होत नाही, अशा गोष्टी आधी त्यांना थेट कळव. छोटी टीम त्या बहुतेक वेळा दुरुस्त करते. रिव्ह्यू लिहिशील तेव्हा किती तास खेळलीस आणि कुठे सोडलंस ते लिही. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर दहा रिव्ह्यू होईपर्यंत गेमला एकत्रित शेरासुद्धा मिळत नाही, म्हणजे तिथे तुझ्या एका रिव्ह्यूला किती वजन आहे ते बघ. ‘राजी’सारखा गेम पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओतून 2020 साली जगभर गेला. आपल्याकडे असं काम होतं आहे, म्हणून आपल्या माणसांचं म्हणून पाठ थोपटायची आणि वर्मी लागेल ते गिळायचं, असं करू नकोस. आवडलं नाही तर तसं लिही, त्यांच्या मेहनतीबद्दल शेरे मात्र मारू नकोस.

आता पुन्हा मित्राकडे. तुझ्या पत्रात निफाडच्या काकांचा उल्लेख आहे, पण त्यांनी हा खेळ खेळल्याचा नाही. दीड वर्षात त्याने काकांना पट दाखवला नसेल, तर मला त्याचं कारण समजतं. ज्याच्या आयुष्यावर आपण खेळ केला, त्याच्यापुढे तो मांडायची भीती वाटते. पण ‘चाळीत दर फेरीला एवढा माल सडतो’ हा आकडा बरोबर आहे की नाही, हे तुम्हा पाचांपैकी कुणीच सांगू शकत नाही. काका सांगू शकतात. आणि निर्यातबंदीचं पान निघाल्यावर ते काय करतात, हे तर त्याने बघायलाच हवं.

त्याला म्हण, ‘मी येते तुझ्याबरोबर निफाडला.’ काका बाजारातून घरी येऊन जेवले की मग पट मांडा.